घरबसल्या कामाचे तास

टेंभुर्णीत बसून पुण्याच्या कंपनीचं काम लॅपटॉपवर करता येतं. आज गावी, उद्या पुण्यात मित्राच्या खोलीवर. पण ऑफिसला कुलूप लागत नाही, म्हणून सुट्टीही होत नाही. दिवसा लाईट गेली की तेच काम रात्री. वर घरचे म्हणणार, "पोरगं घरीच तर बसलंय!"

2021 साली जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सांगितलं, की आठवड्याला 55 तास किंवा त्याहून जास्त राबणाऱ्यांना 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा लकव्याचा धोका सुमारे 35 टक्के जास्त असतो. बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना 1946 साली कायदादुरुस्ती मांडून बारमाही कारखान्यांचा आठवडा 54 वरून 48 तासांवर आणायला लावला, तो उगीच नव्हे. घरी काम करणाऱ्याचे तास मात्र कुणी मोजत नाही. ते आपणच वहीत लिहावेत.

दर वीस मिनिटांनी नजर लांबच्या झाडावर न्यावी, तासाला उठून चार पावलं चालावं. रात्रपाळी असेल तर दिवसा खोलीत अंधार करून सात तास झोपावं. त्या वेळी घरच्यांनी दळणाला उठवू नये. रविवारी विहारात वंदनेला जाताना कामाचा फोन घरीच ठेवावा.

तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर मालिश करत बसू नका. लगेच 108 ला फोन करा.