बाखचं संगीत जर्मन, गायक जपानी. इतकी अचूकता येते कुठून?

डिजिटल डेस्क, नाशिक : जपानमध्ये ख्रिस्ती लोकसंख्या जेमतेम एक टक्का. तरीही १८व्या शतकातल्या जर्मन चर्चसंगीताचं जगभर नावाजलेलं रेकॉर्डिंग तिथेच झालं. मासाआकी सुझुकी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या ‘बाख कॉलेजियम जपान’ने बाखचे चर्चसाठीचे सगळे कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना, १९९५ ते २०१३ या काळात रेकॉर्ड केल्या. सीडी झाल्या ५५. सुझुकींना २०१२ मध्ये लाइपझिगचं बाख पदकही मिळालं. हे जमलं कसं?

कॉयर आणि समूहगान यात फरक काय?

आपल्या समूहगानात सगळे एकच चाल गातात. कॉयरमध्ये सहसा चार गट एकाच वेळी चार वेगळ्या चाली गातात. सोप्रानो आणि आल्टो हे वरचे आवाज, टेनर आणि बास हे खालचे. दर्जा ठरतो तो सूर पक्का आहे का, आवाज एकमेकांत मिसळतात का आणि शब्द एकाच क्षणी सुटतात का, यावर. वाद्याची साथ नसेल तर गाणं संपेपर्यंत सूर खाली घसरण्याचा धोका असतो.

सवय लागते शाळेत

१८८० मध्ये अमेरिकन संगीतशिक्षक लूथर व्हाइटिंग मेसन टोकियोत आले आणि शाळांसाठी गाण्यांची पुस्तकं तयार झाली. ‘एनएचके’ या प्रसारण संस्थेची शालेय गायन स्पर्धा १९३२ पासूनची. अनेक शाळांत वर्गावर्गांच्याही स्पर्धा होतात आणि त्यात अख्खा वर्ग गातो. एकट्याने गाता आलं नाही तरी चालतं; शेजारचा दुसरी चाल गात असताना आपली सुटू द्यायची नाही, एवढं जमावं लागतं.

अडचण भाषेची

जपानी शब्दांत बहुतेक व्यंजनांमागे स्वर येतो. म्हणून ‘मिल्क’चं तिथे ‘मिरुकु’ होतं. जर्मन शब्दांत मात्र तीन-चार व्यंजनं सलग येतात. मध्ये एक जादा स्वर घुसला तरी ताल बिघडतो. त्यामुळे उच्चारांवर वेगळी मेहनत घ्यावी लागते. स्पर्धांमुळे गाणं बिनचूक होतं, पण कधीकधी साचेबद्धही, असा आक्षेपही घेतला जातो.

आपल्याकडे काय?

मुंबईत व्हिक्टर परांज्योती यांनी कॉयर उभा केला आणि त्यांच्यानंतर कूमी वाडिया यांनी तो अनेक दशकं चालवला. परांज्योतींची ‘द्रविडियन डिथिरॅम्ब’ ही रचना परदेशी कॉयरही गातात.

शाळांमध्ये राष्ट्रगीत, प्रार्थना आणि फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत गायलं जातं, पण एकाच चालीत. ‘आवाज चांगला नाही’ असं ऐकून कितीतरी मुलं गाणंच सोडतात. जपानचा अनुभव सांगतो की कॉयरसाठी आधी कान तयार व्हावा लागतो आणि तो वर्गात तयार करता येतो. परिपाठातल्या एखाद्या गाण्याला सोपी दुसरी चाल जोडली, तरी सुरुवात होऊ शकते.

ऐकायचं असेल तर

सुझुकींच्या समूहाने गायलेला बाखचा ‘मास इन बी मायनर’ हेडफोन लावून ऐका. पहिल्यांदा फक्त सर्वात खालचा आवाज पकडा, दुसऱ्यांदा सर्वात वरचा. चाली वेगवेगळ्या ऐकू येऊ लागतील.