कॅन्सरच्या पेशींना प्रयोगशाळेत हवे 'घर'. कृत्रिम हायड्रोजेल का ठरतेय उपयोगी?

स्तनातली गाठ तपासताना डॉक्टर आधी हाताने चाचपून बघतात. आजूबाजूचा भाग मऊ आणि गाठ बहुतेक वेळा कडक, हा फरक बोटांना लगेच कळतो. पण हा कडकपणा नुसते आजाराचे लक्षण आहे, की तोच पेशींना आणखी बिघडवतो? या प्रश्नाचा छडा लावायला शास्त्रज्ञांच्या मदतीला आले आहे कृत्रिम हायड्रोजेल.

हायड्रोजेल म्हणजे काय?

लांब रेणूंचे एक बारीक जाळे, जे भरपूर पाणी धरून ठेवते आणि तरी वाहून जात नाही. बाळाच्या डायपरमध्ये ओले झाल्यावर फुगणारे दाणे हे हायड्रोजेलच. मऊ कॉन्टॅक्ट लेन्सही त्यातलीच. चेकोस्लोव्हाकियातील ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लिम यांनी १९६० मध्ये असे जेल शरीरासाठी वापरता येईल असे मांडले आणि पुढे त्यातूनच मऊ लेन्स तयार झाली.

प्लॅस्टिकच्या बशीत अडचण काय?

प्रयोगशाळेत पेशी सहसा प्लॅस्टिकच्या सपाट बशीत वाढवतात. हे काम स्वस्त आणि सोपे. पण शरीरात पेशी चारही बाजूंनी मऊ ऊतीत रुतलेली असते आणि प्लॅस्टिक त्या ऊतीपेक्षा लाखो पटींनी कडक. जागा बदलली की पेशीचा आकार बदलतो, वागणे बदलते. म्हणूनच बशीत गुणकारी दिसलेले औषध रुग्णाच्या शरीरात तसेच चालेल याचा भरवसा नसतो.

तयार जेल आहे, मग नवे कशाला?

मॅट्रिजेल नावाचे जेल अनेक वर्षांपासून वापरात आहे. ते उंदराच्या एका गाठीपासून काढतात. पेशी त्यात छान वाढतात, पण त्यात शेकडो प्रकारची प्रथिने असतात आणि प्रत्येक लॉटचा माल थोडा वेगळा निघतो. मग पेशी बदलली ती औषधामुळे, कडकपणामुळे की जेलमधल्या एखाद्या प्रथिनामुळे? हिशेबच लागत नाही.

कृत्रिम जेलमध्ये काय घालायचे ते माणूस ठरवतो. यासाठी पॉलिइथिलिन ग्लायकॉल बरेच वापरतात. बद्धकोष्ठतेच्या काही पावडरींत असते तेच हे रसायन. पेशी त्याला आपणहून चिकटत नाही. म्हणून पेशीला पकड मिळावी यासाठी त्याला प्रथिनांचे छोटे तुकडे जोडतात. पेशीला वाट काढत पुढे सरकता यावे म्हणून तिच्या विकरांनी तुटतील असे दुवे घालतात. जाळे दाट केले की जेल कडक, विरळ केले की मऊ. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळे तसेच ठेवायचे, हाच याचा खरा फायदा.

कडकपणाने काय होते?

अमेरिकेतील व्हॅलरी वीव्हर यांच्या गटाने २००५ मध्ये याबद्दल महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध केले. उंदराच्या निरोगी स्तन ऊतीचा कडकपणा सुमारे १७० पास्कल, तर गाठीचा सुमारे ४,००० पास्कल निघाला. म्हणजे वीस पटींहून जास्त. मग स्तनाच्या कॅन्सर नसलेल्या पेशी वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर वाढवल्या. मऊ जेलवर त्यांनी नीटस पोकळ गोळे केले. कडक जेलवर ती घडी विस्कटली. पेशी त्याच, बदलला तो फक्त कडकपणा. म्हणजे भोवतालचा कडकपणाही पेशींना बिघाडाकडे ढकलू शकतो.

मर्यादा काय?

हायड्रोजेल हा कॅन्सरवरचा इलाज नाही. साध्या जेलमध्ये रक्तवाहिन्या नसतात, रोगप्रतिकारक पेशी नसतात. त्यामुळे प्राण्यांवरच्या आणि माणसांवरच्या चाचण्या टळत नाहीत. मात्र निरुपयोगी औषध आधीच ओळखता आले, तर पुढचा वेळ, पैसा आणि रुग्णाचा त्रास वाचू शकतो.

एक गोष्ट मात्र विसरू नये. कडक असो वा मऊ, दुखत असो वा नसो, स्तनात नवी गाठ लागली तर घरी अंदाज बांधत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.