भिंतीकडे वळवलेला फ्लॅश

न्यूयॉर्कच्या मलबेरी स्ट्रीटच्या आसपासच्या कोंदट वस्तीत १८८० च्या दशकाच्या अखेरीस एक पत्रकार रात्री-अपरात्री हातात तवा घेऊन शिरत असे. त्याचं नाव जेकब रीस. पोटासाठी डेन्मार्कहून आलेला हा माणूस पोलिसांच्या बातम्या देई. तव्यात मॅग्नेशियमची पूड असे. ती पेटली की क्षणभर डोळे दिपवणारा उजेड पडे आणि अंधाऱ्या खोलीत दाटीवाटीनं निजलेली माणसं काचेवर उतरत. ही पूड जर्मनीत १८८७ साली तयार झाली होती. तिच्यापायी रीसच्या हातून दोनदा घराला आग लागली, एकदा त्याचे स्वतःचे डोळे थोडक्यात बचावले. १८९० साली त्याचं ‘हाऊ द अदर हाफ लिव्ह्ज’ हे पुस्तक आलं आणि तिथल्या गरिबांच्या खोल्या पहिल्यांदाच सुखवस्तू लोकांच्या डोळ्यांसमोर आल्या.

त्या फोटोंतले चेहरे दचकलेले आहेत, पांढुरके आहेत. रीसच्या कामाला ते साजेसंच होतं, कारण अंधारात दडलेलं त्याला उघडं करायचं होतं. लक्ष्मीपूजनाला नऊवारी नेसून बसलेल्या आजीचा फोटो काढताना मात्र कुणालाच असा उजेड नको असतो. तरीही घरोघरच्या अल्बममध्ये तेच दिसतं: कपाळावर पांढरा डाग, सपाट झालेलं नाक, डोळ्यांत लाल ठिपके आणि मागच्या भिंतीवर काळी कड. मग ‘फ्लॅश मारला की फोटो बिघडतो’ असं म्हणून तो बंदच ठेवला जातो. हा फ्लॅशवर अन्याय आहे. बिघाड असतो तो त्याच्या जागेत आणि आकारात.

कॅमेऱ्यावर बसवायच्या फ्लॅशचं तोंड काडेपेटीपेक्षा फार मोठं नसतं. एवढ्याशा जागेतून येणारा उजेड कडक सावल्या पाडतो. तो लेन्सच्या अगदी शेजारून सरळ समोर जातो, म्हणून चेहऱ्याचे उंचसखल भाग पुसले जातात. डोळे लाल होतात तेही यामुळेच: उजेड बाहुलीतून आत शिरतो, डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांवर आपटतो आणि जवळजवळ त्याच वाटेनं लेन्सकडे परततो. शिवाय अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. चार फुटांवरची पुढची रांग पांढरीफटक आणि आठ फुटांवरची मागची काळवंडलेली, हा सगळ्या कौटुंबिक फोटोंचा अनुभव या साध्या हिशेबातून येतो.

यावरचा उपाय भारतातल्या एका छायालेखकानं फार सुंदर करून दाखवला आहे. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’साठी (१९५६) बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलं होतं. वरून उघड्या असलेल्या अंगणात जसा मऊ, सावली न टाकणारा दिवसाचा उजेड उतरतो, तसा तो दिव्यांनी आणायचा कसा, हा प्रश्न सुब्रत मित्र यांच्यापुढे होता. त्यांनी अंगणावर पांढरं कापड ताणून लावलं आणि दिवे खालून त्या कापडावर मारले. कापडावरून परतलेला उजेड खाली पसरला. दिवे तेच होते, त्यांचं तोंड तेवढं फिरलं होतं.

घरात हे काम पांढरी भिंत करते. मान वळणारा बाहेरचा फ्लॅश असेल, तर तो माणसाकडे न रोखता फोटो काढणाऱ्याच्या मागच्या किंवा बाजूच्या भिंतीकडे, थोडा वर वळवायचा. मग काडेपेटीएवढ्या तोंडाऐवजी भिंतीचा चार-पाच फुटांचा तुकडा दिवा होतो. पुष्कळ जण फ्लॅश सरळ छताकडे करतात. त्यानं सावल्या मऊ होतात खऱ्या, पण उजेड डोक्यावरून पडतो आणि डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो. खिडकीतून येतो तसा बाजूनं, किंचित वरून आलेला उजेड चेहऱ्याला सर्वांत जास्त मानवतो. दुसऱ्या बाजूची सावली गडद वाटली, तर तिकडे थर्मोकोलचा पांढरा तुकडा धरायला एखाद्या भाच्याला उभं करावं. भिंत पोपटी किंवा गुलाबी असेल, तर मात्र तिच्याकडे फ्लॅश वळवू नये, तिचा रंग थेट गालांवर येऊन बसतो.

आता पणत्यांचं काय? फ्लॅशचा झटका सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही छोटा असतो, त्यामुळे शटर थोडं जास्त वेळ उघडं ठेवलं तरी फ्लॅशचा उजेड वाढत नाही. वाढतो तो खोलीतल्या दिव्यांचा. इथेच खरी गंमत आहे. रात्रीच्या दिवाणखान्यात आयएसओ ८००, अ‍ॅपर्चर एफ ४ आणि शटर १/६० पासून सुरुवात करावी. समयीची ज्योत आणि आकाशकंदिलाची झाक मागे हवी तेवढी दिसेना, तर शटर १/३० करावं. त्याहून खाली गेलं की हलणाऱ्या हाताची पुसट छाया स्पष्ट चित्राभोवती रेंगाळू लागते. घरातले पिवळे दिवे साधारण ३००० केल्विनचे आणि फ्लॅश ५५०० च्या आसपासचा, म्हणून चेहरा निळसर आणि खोली नारिंगी दिसते. नाटकाच्या स्पॉटलाइटवर लावतात तसला नारिंगी जिलेटिनचा तुकडा फ्लॅशच्या तोंडावर चिकटवला आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स बल्बवर ठेवला, की दोन्ही उजेड एकाच घरातले वाटतात.

फोटो धारदार यायचा तर फ्लॅशच्या झटक्यावर विसंबून चालत नाही, फोकसही नेमका लागतो. ८५ मिलिमीटरच्या लेन्सनं एफ १.८ वर दोन मीटरवरून चेहरा टिपला, तर जेमतेम सहा सेंटिमीटरची खोली स्पष्ट येते. जवळचा डोळा सोडून फोकस कानावर गेला, तर फोटो वाया. एफ ४ वर हीच खोली तेरा सेंटिमीटरच्या घरात जाते. अंधारात कॅमेरा फोकससाठी चाचपडतो, तेव्हा फोकस लागेपर्यंत ट्यूबलाइट चालू ठेवून मग विझवणं हा जुना आणि खात्रीचा मार्ग आहे.

कॅमेऱ्याचा आपोआप हिशेब पांढऱ्या कपड्यांनी हमखास चुकतो. धोतर-सदऱ्यातले आजोबा समोर असले, की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फ्लॅश कमी करतो. फ्लॅशची भरपाई अधिक एकवर नेली, की सदरा पुन्हा पांढरा होतो. नरक चतुर्दशीच्या पहाटेचं प्रकरण वेगळं. अभ्यंगाच्या तेलानं चेहरे आरशासारखे झालेले असतात, सरळ फ्लॅशमध्ये त्यांवर पांढरे चट्टे उमटतात. भिंतीवरून आलेल्या उजेडात तेच तेल गालावर नितळ झळकतं. ते पुसून टाकायची गरज नसते.

फोनवरचा फ्लॅश वळवता येत नाही, आणि तो एक छोटासा एलईडी आहे. तो बंद करून दुसऱ्या फोनची टॉर्च जवळच्या पांढऱ्या भिंतीवर रोखायला कुणाला तरी सांगावं. आजीच्या चष्म्यात काही चमकलंच, तर तिला हनुवटी अंगठ्याभर खाली घ्यायला सांगायची. काचेवरचं प्रतिबिंब खाली निसटतं, आणि त्यामागचे डोळे दिसू लागतात, त्यांत भिंतीच्या उजेडाचा एकेक छोटा चौकोन.