गुरुजींची फिर्याद

सायबर पोलीस ठाण्यातल्या या खोलीत चार टेबलं आहेत आणि चारही टेबलांसमोर माणसं बसलेली आहेत. गुरुजी तिसऱ्या टेबलासमोर. शेजारच्या खुर्चीत मी, मांडीवर त्यांची कापडी पिशवी. पिशवीत पासबुक, आधारकार्डाची झेरॉक्स आणि त्यांनी स्वतः लिहून आणलेला अर्ज. समास सोडलेला, विषयाखाली रेघ मारलेली, अक्षर जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या फळ्यावर असायचं तसंच टपोरं. रक्कम आकड्यात आणि अक्षरी : ९,६०,००० रुपये. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशांतले.

अंमलदार मॅडम अर्ज शेवटपर्यंत वाचतात.

"गुरुजी, हा वॉलेट ॲड्रेस हाताने उतरवलाय का?"

"हो. दोनदा ताडून पाहिलाय."

"तरी हातानं लिहिलेला चालायचा नाही. ॲपमधून कॉपी करून द्या. ३४ अक्षरं असतात. एखादं लहानाचं मोठं झालं तरी सगळं फुकट."

गुरुजी चष्मा वर करतात आणि फोन उघडतात. ज्या एक्स्चेंजवरून त्यांनी यूएसडीटी हे क्रिप्टो-चलन विकत घेतलं, ते ॲप खरं आहे. खोटं आहे ते दुसरं, व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या लिंकवरून उतरवलेलं. त्यात अजूनही त्यांच्या नावावर ३१ लाख दिसतात. मॅडम त्याकडे बघतही नाहीत. त्यांना हवी आहे खऱ्या ॲपमधली 'विड्रॉल हिस्टरी'. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, किती यूएसडीटी गेलं, कुठल्या ॲड्रेसवर गेलं आणि खाली ६४ अक्षरांचा ट्रान्झॅक्शन आयडी. हे सगळं मी मॅडमच्याच मेलवर पाठवून देते.

मॅडम त्यातला एक आयडी ट्रॉनस्कॅन या वेबसाइटवर टाकतात, जिथे असे व्यवहार कुणालाही पाहता येतात. स्क्रीनवर ओळ उमटते आणि गुरुजी खुर्ची पुढे ओढतात.

"हे तुमचे. ११:४२ ला पोचले. ११:५१ ला पुढं गेले." त्या माउसने दाखवत जातात. दुसरा ॲड्रेस, तिसरा, मग एका मोठ्या परदेशी एक्स्चेंजचं नाव लागलेला चौथा. "इथं बरं आहे. इथं खातं उघडताना कुणीतरी कागदपत्रं दिलेली असणार. आम्ही त्यांना पत्र लिहून माहिती मागवू शकतो."

मला वाटत होतं की क्रिप्टोत गेलेला पैसा म्हणजे समुद्रात गेलेली अंगठी. पण इथे प्रत्येक पाऊल सगळ्या जगाला दिसेल असं नोंदलेलं आहे. दिसत नाही तो फक्त चालणारा. शिवाय यूएसडीटी काढणारी टेदर ही कंपनी आहे, आणि तपास यंत्रणेने सांगितलं तर ती एखाद्या ॲड्रेसवरचं यूएसडीटी गोठवू शकते. बिटकॉइनच्या मागे अशी कंपनीच नाही. मात्र पैसा तिथे शिल्लक असेपर्यंतच हे चालतं, आणि तो नऊ मिनिटांत पुढे सरकतो आहे.

"पहिले ५०,००० यूपीआयनं दिलेत ना? त्याचा १२ आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहार क्रमांक द्या." पासबुकातली ओळ मी बोटाने दाखवते. काल रात्री १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला तेव्हा हाच आकडा सांगितला होता. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरचा तक्रार क्रमांक मॅडम उघडतात. पैसे पुढे ज्या खात्यांत फिरले, त्यांतल्या एकात १८,५०० अडवलेले दिसतात.

"एवढेच?"

"तीन आठवडे झाले, गुरुजी."

गुरुजी काही बोलत नाहीत. या तीन आठवड्यांत त्यांनी पुण्याच्या मुलाला कळू दिलं नाही, बायकोलाही नाही. मला सांगितलं तेही जिन्यात, हळू आवाजात. मला राग येतो तो या लाजेचा. ज्याने चोरी केली तो निवांत आहे आणि ज्याचं गेलं तो तोंड लपवतो आहे.

पलीकडच्या टेबलावरचे एक गृहस्थ आपणहून वळतात. "आमच्या मेव्हण्याचे गेनबिटकॉइनमध्ये गेले. महिन्याला १० टक्के देणार होते, १८ महिने."

"तक्रार केली?"

"नाही केली. लोक काय म्हणतील म्हणून."

गेनबिटकॉइन या क्रिप्टो घोटाळ्याचा सूत्रधार अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये धरलं होतं. २०२२ मध्ये तो वारला, तपास पुढे सीबीआयकडे गेला. मेव्हण्याचं नाव त्यात कुठेच नसणार.

तेवढ्यात गुरुजींचा फोन वाजतो. त्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची 'ट्रेडिंग असिस्टंट'. *सर, आज १५ टक्के टॅक्स भरला नाही तर खातं कायमचं बंद होईल.* गुरुजींचा अंगठा आपसूक उत्तर लिहायला जातो.

"थांबा. उत्तर नको, ब्लॉकही नको. आधी नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट. मग पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा. आणि ते खोटं ॲप काढू नका, ते पुरावा आहे." मॅडमचा आवाज पहिल्यांदाच चढतो. "क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, पण तो तुम्ही सरकारला भरायचा. १ टक्का टीडीएस कापला जातो. पैसे काढायच्या आधी टॅक्स यूएसडीटीत पाठवा म्हणणारा चोरच. आता आणखी एक होईल. कुणीतरी फोन करेल, सायबर सेलमधून बोलतोय, फी भरा, पैसे सोडवून देतो. एक रुपया द्यायचा नाही. आम्ही फी घेत नाही."

पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, म्हणून फिर्याद वेगळी टाइप होते आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड. प्रिंट हातात येते तेव्हा गुरुजी खिशातून पेन काढतात आणि ओळ न् ओळ वाचतात.

"ही तारीख १४ नाही, १७."

मॅडम दुरुस्त करून नवी प्रिंट काढतात. सही होते. एक प्रत फिर्यादीला, मोफत.

मी उठते, पण गुरुजी बसूनच आहेत. "मॅडम, आमच्या निवृत्त शिक्षकांतले आणखी दोघं त्या ग्रुपवर आहेत. मीच घेतलं त्यांना."

"त्यांनी पैसे कधी पाठवले?"

"एकानं परवा."

"मग इथं यायची वाट बघू नका. आत्ता फोन लावा त्यांना."

गुरुजी तिथेच नंबर फिरवतात. खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असा त्यांचा वर्गातला आवाज लागतो. "हॅलो सर, मी पोलीस ठाण्यातून बोलतोय. होय, माझेच गेले. तुमचेही गेलेत. ॲप डिलीट करू नका, आणि एक नंबर लिहून घ्या. एक, नऊ, तीन, शून्य."