सामायिक महासंगणकाची रांग

पनवेल स्थानकांत नवीन पनवेलच्या बाजूनें शिरणारा प्रवासी आधीं पल्ला पाहतो व मग फलाट निवडतो. रत्नागिरीस जाणारा ठाण्याच्या लोकलसाठीं उभा राहत नाहीं. महासंगणकावर काम पाठविणाऱ्यासही हाच विवेक लागतो.

घाटापलीकडे पुण्याच्या 'आयसर' संस्थेंत २०१९ सालीं 'परम ब्रह्म' हा महासंगणक आला. त्याची तेव्हांची कमाल गति सेकंदास सुमारें ७९७ लक्ष कोटि क्रिया होती. असें यंत्र म्हणजे जाळ्यानें जोडलेले अनेक संगणक; वापरणारेही अनेक. म्हणून प्रत्येकानें प्रोसेसर, मेमरी व वेळ किती हवा हें आधीं सांगून काम रांगेंत लावावयाचें असतें. बहुधा चांचणीची रांग अल्प मुदतीची, दीर्घ कामांची निराळी, जीपीयू लागणाऱ्यांची निराळी.

नवखा मनुष्य भीतीपोटीं दोन तासांच्या कामास तीन दिवस मागतो आणि तेथेंच फसतो. मोठ्या कामासाठीं यंत्रें मोकळीं होईपर्यंत मध्यें जो अवधि उरतो, त्यांत नियोजक आज्ञावली छोटीं कामें बसविते. तीन दिवसांची मागणी तेथें मावत नाहीं. उलट वेळ कमी मागितला तर मुदत संपतांच काम तोडलें जातें, व मधली नोंद ठेवली नसल्यास सारे श्रम व्यर्थ होतात.

यास्तव प्रथम लहान नमुना चांचणीच्या रांगेंत चालवावा, त्यावरून पूर्ण कामाचा अंदाज बांधावा व त्यांत थोडी भर घालून रांग निवडावी. गरजेहून अधिक मागितलेले प्रोसेसर काम संपेपर्यंत रिकामे बसतात, आणि दुसऱ्याचें संशोधन खोळंबतें. खरी गरज सांगण्यांत स्वतःचा लाभ आहे, तसाच शेजाऱ्याचाही.