तीन निळी शिडं

नवं डेक्रॉनचं शीड चुरगाळलं की पापडासारखं वाजतं. २००८ साली माझ्या जुन्या एंटरप्राइझ बोटीबरोबर आलेलं मेनसेल वाजायचंच नाही. धुऊन धुऊन धोतर मऊ पडावं तसं ते झालं होतं, निळा रंगही विटलेला. जॅक होल्टने १९५६ साली आखलेल्या या चार मीटरच्या बोटीला शिडं दोनच, मिळून साडेदहा चौरस मीटर. त्यातलं मोठं, म्हणजे मेनसेल, थकलं की बोटच थकते. दुपारी खारे वारे जोर धरू लागले की शिडाचा फुगवटा मागे सरकायचा आणि बोट पुढे जायचं सोडून नुसती कलायची.

२०१२ साली नवं घेतलं, आणि चुकीचं घेतलं. हुसेनसागर तलावात जिंकणाऱ्या एका जोडीचं शीड पाहिलं आणि तसंच सपाट कापाचं मागवलं. तलावाच्या संथ पाण्यात ते छान चालतं. मुंबई बंदरात ओहोटी वाऱ्याच्या उलट लागली की आखूड, उभ्या लाटा उठतात. वर एलिफंटाच्या लाँचींच्या लाटा. प्रत्येक लाटेवर बोट अडायची आणि त्या शिडात तिला पुन्हा पळवायची ताकदच नव्हती. शिवाय वारा वाढला की शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या, बूमच्या टोकापासून डोलकाठीच्या मध्यापर्यंत तिरक्या सुरकुत्या पडायच्या. दोन मोसम मी दोऱ्या ओढून त्या घालवायचा प्रयत्न केला. त्या दोरीने जाणाऱ्या नव्हत्याच. माझी डोलकाठी जास्त वाकायची आणि शिडाच्या पुढच्या कडेला तेवढी कमान ठेवलेलीच नव्हती.

तिसऱ्या वेळी, २०१७ साली, मागणी नोंदवण्याआधी डोलकाठी दोन टेकूंवर आडवी ठेवली, मध्ये पाण्याचा भरलेला कॅन टांगला आणि किती वाकते ते पट्टीने मोजलं. बोटीत उताणं पडून बूमखालून शिडाचे फोटो काढले. बोटीतल्या आम्हा दोघांचं वजन कळवलं, १३१ किलो. शीड शिवणाऱ्याने आधी हेच आकडे विचारले, तेव्हाच मला धीर आला. खाली भरदार, वर सपाट असं ते शीड आलं आणि पहिल्याच रविवारी लाँचीच्या लाटेवरून बोट न अडता निघाली. तो क्षण अजून हातांत आहे.

आता त्याचंही वाजणं कमी झालंय. पुढच्या लहान शिडावर, जिबवर, आता माझी मुलगी बसते, दोघांचं मिळून वजन ११२ किलो. एवढं भरदार शीड आम्हाला पेलत नाही. या ऑक्टोबरात माळ्यावरचं दुसरं शीड खाली काढलं, गच्चीवर पसरलं आणि कडेपासून कडेपर्यंत दोरा ताणून तिने त्याची खोली मोजायला घेतली.