पासवर्ड हवेतून जातच नाही

लॅपटॉप वाय-फायला जोडला जाण्याची सुरुवात राउटरपासून होते. राउटर दर सेकंदाला साधारण दहा वेळा स्वतःची ओळख सांगणारा छोटा संदेश रेडिओलहरींवरून सोडत असतो. या संदेशाला बीकन म्हणतात. नेटवर्कचे नाव, चॅनल, सुरक्षेची पद्धत असा तपशील त्यात असतो. लॅपटॉपमधले वाय-फाय कार्ड एकेका चॅनलवर क्षणभर थांबून हे बीकन टिपते आणि त्यातूनच स्क्रीनवर नावांची यादी उमटते.

या लहरी बहुधा २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या असतात. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला. तो भिंतींतून जरा बरा जातो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात काम करतो. त्यामुळे घरोघरी राउटर असलेल्या इमारतीत सिग्नलच्या सगळ्या रेघा दिसूनही वेग मिळत नाही. राउटर जवळ असेल तर तिथे ५ गिगाहर्ट्झच बरा.

यादीतले नाव निवडून पासवर्ड टाकला, की तो राउटरकडे पाठवला जातो असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात घरगुती वाय-फायवर तो हवेतून कधीच जात नाही. सर्वत्र रुळलेल्या डब्ल्यूपीए-२ पद्धतीत पासवर्ड आणि नेटवर्कचे नाव एकत्र करून त्यावर ४,०९६ फेऱ्यांची गणिती प्रक्रिया होते आणि २५६ बिटांची किल्ली तयार होते. राउटरकडेही हीच किल्ली असते. मग राउटर एक यादृच्छिक संख्या पाठवतो. लॅपटॉप स्वतःची दुसरी संख्या निवडतो, आणि या दोन संख्या, दोन्ही उपकरणांचे हार्डवेअर पत्ते व मूळ किल्ली यांतून त्या जोडणीपुरती नवी किल्ली घडवतो. उत्तरात तो आपली संख्या आणि नव्या किल्लीने केलेली गणिती मोहोर धाडतो. राउटर तेच गणित करतो. मोहोर जुळली तर पासवर्ड बरोबर. आणखी दोन संदेशांत राउटरचीही खातरजमा होते आणि पुढची देवाणघेवाण कूटबद्ध होऊन चालते.

यातही एक कच्चा दुवा आहे. हे चार संदेश कोणी टिपले, तर त्याला घरी बसून एकेक पासवर्ड लावून पाहता येतो. मोबाइल क्रमांक पासवर्ड म्हणून ठेवण्याची सवय त्यामुळेच खरोखर धोक्याची आहे. ६ ते ९ ने सुरू होणारे दहा अंकी क्रमांक जास्तीत जास्त चारशे कोटी. वेगवान ग्राफिक्स कार्डाला तेवढे तपासणे अवघड नाही. २०१८ साली आलेल्या डब्ल्यूपीए-३ मध्ये प्रत्येक अंदाजासाठी नव्याने राउटरशीच बोलावे लागते, म्हणून हा मार्ग बंद होतो.

किल्ली जुळली तरी इंटरनेट लगेच सुरू होत नाही. लॅपटॉपला आयपी पत्ता लागतो. तो सगळ्या नेटवर्कला उद्देशून पत्ता मागतो आणि घरात बहुधा राउटरच तो ठरावीक मुदतीसाठी देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. सोबत बाहेर जाण्याचे दार कोणते आणि संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते कोणाला विचारायचे, हेही कळवतो.

‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ असे दिसले, तर सेटिंग्जमध्ये हा पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेला नाही आणि लॅपटॉपने स्वतःच एक धरला आहे. अशा वेळी जोडणी तोडून पुन्हा करावी किंवा राउटर बंद करून चालू करावा. पत्ता १९२.१६८ चा असूनही काही उघडत नसेल, तर दोष बहुधा राउटरच्या पलीकडे, सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडून येणाऱ्या लाइनमध्ये शोधावा लागतो.